मान घासू नका, साखर तपासा!

म्हाइंभटांनी वऱ्हाडातल्या ज्या रिद्धपुरात चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या, त्या रिद्धपुरात बटाटा नव्हता. मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, मका नव्हता. ही सगळी पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यावर ती भारतात पोचली आणि हळूहळू आपल्या ताटात रुळली. ताटातला तो बदल पचवायला वऱ्हाडाला काही शतकं मिळाली. पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पुड्या आणि गोड थंड बाटल्या मात्र एकाच पिढीत गावोगावच्या एस.टी. स्टँडवर येऊन लटकल्या. आजीच्या शाळेच्या वाटेवर बोरं आणि चिंचा होत्या, नातवाच्या वाटेवर या पुड्यांच्या माळा आहेत.

आजी आणि नातवाचा देह तोच आहे, भोवतालचं खाणं तेवढं पालटलंय. याचा सगळ्यात मोठा हिशेब होतो तो दहा ते चौदा या वयात, लेकरू वयात येत असताना. त्यातही ज्यांचं वजन खूप जास्त आहे, त्या मुलामुलींच्या देहात या काळात काय काय चालतं, हे ऐकण्यासारखं आहे.

तो मळ नव्हे

मानेच्या मागच्या बाजूला काळा, जाडसर, मखमली पट्टा. कधी काखेतही. आई उटणं लावते, आजी बेसन आणि दही चोळते, कुणी लिंबाची फोड घासतं, आणि पट्टा काही हलत नाही. लेकरू बिचारं बोलणी खातं : "नीट आंघोळ करत जा ना!"

त्याच्या आंघोळीचा इथे काहीही दोष नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, म्हणून तिथली कातडी जाड आणि काळी होते. डॉक्टर याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. वजनदार मुलाच्या मानेवर हा पट्टा दिसला, तर साखर तपासायची वेळ झाली एवढंच समजायचं. घासल्याने तो जात नाही. इन्सुलिन खाली आलं की तो हळूहळू फिका पडतो.

वयात येताना सगळ्यांचंच इन्सुलिन अडतं

ही माहिती पालकांना क्वचितच कुणी सांगतं. वयात येताना प्रत्येक निरोगी मुलाच्या, अगदी काडीपहिलवानाच्याही देहात, इन्सुलिनचा असर काही काळासाठी सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. याचं कारण उंची. उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोन या वर्षांत जोरात असतं आणि ते इन्सुलिनच्या कामात आड येतं. इन्सुलिन ही पेशीचं दार उघडून साखर आत घेणारी किल्ली. या काळात कुलूप थोडं गंजतं, म्हणून स्वादुपिंड जास्त किल्ल्या पाठवतं. साधारण मधल्या टप्प्यात ही अडचण शिगेला पोचते आणि वाढ पूर्ण होत आली की ओसरते.

हे टप्पे ठरवले ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी. मुलगा किंवा मुलगी वयात येण्याच्या पाच पायऱ्या त्यांनी आखल्या, आणि आजही जगभरचे डॉक्टर त्या 'टॅनर स्टेज' म्हणूनच ओळखतात. वाढदिवसाचं वय आणि ही पायरी जुळतेच असं नाही. एकाच वर्गातल्या बारा वर्षांच्या दोन मुली दोन वेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात, आणि वजन जास्त असलेल्या मुली बहुधा लवकर वयात येतात. याचं एक कारण असं : चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, आणि साठा पुरेसा झाल्याची खबर त्यातून मेंदूला मिळते.

आता गोम पाहा. खूप लठ्ठ मुलाच्या देहात इन्सुलिनची अडचण वयात येण्याआधीपासूनच असते. तिच्यावर वयाची ही नैसर्गिक अडचण चढते. स्वादुपिंडाला दुहेरी ओझं वाहावं लागतं. काहींचं निभतं, काहींचं थकतं. म्हणूनच लहान मुलांतला टाइप २ मधुमेह वयात येण्याआधी क्वचित दिसतो आणि बहुतेकदा तेरा-चौदाच्या आसपास उघडा पडतो.

आणि हा मधुमेह मोठ्यांच्या मधुमेहाहून जास्त दांडगा असतो. अमेरिकेत 'टुडे' नावाच्या अभ्यासात १० ते १७ वयात टाइप २ मधुमेह झालेल्या ६९९ मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. सरासरी वय २६ होईपर्यंत त्यांच्यातल्या ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंड किंवा नसा यांपैकी कशाची ना कशाची इजा झालेली होती. सव्विसावं वर्ष म्हणजे आपल्याकडे स्थळं बघायचं वय.

पाच आणि दहा

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ दरम्यान देशभर मुलांच्या पोषणाचं मोठं सर्वेक्षण केलं. १० ते १९ वयोगटातली सुमारे ५ टक्के मुलं वजनाने जास्त निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर मात्र सुमारे १० टक्के होती. वजनदार जितकी, त्याच्या दुप्पट! बारीक दिसणाऱ्यांनाही सूट नाही, हे या दोन आकड्यांतच दिसतं.

असं का, याचं उत्तर पुण्यात सापडलं.

पुण्याची बाळं, आणि दोन डॉक्टरांचा एक फोटो

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांनी पुणे परिसरातली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं तोलून पाहिली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. स्नायू कमी, पोट बारीक, सगळंच कमी. चरबी मात्र जवळपास टिकून! दिसायला हडकुळं, आतून चरबीदार. जगाच्या वैद्यकशास्त्रात 'थिन-फॅट' भारतीय बाळ म्हणून जे गाजलं, ते हे आपलं बाळ.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजन आणि उंची यांच्या मेळाचा आकडा, नेमका २२.३. आणि देहातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजन-उंचीच्या हिशेबात दोघे सारखे होते, चरबीत मात्र दुपटीहून जास्त फरक. मला स्वतःला वैद्यकातला याहून बोलका फोटो ठाऊक नाही.

पुण्याच्याच आणखी एका अभ्यासात आठ वर्षांची ४७७ मुलं तपासली गेली. इन्सुलिनची अडचण सगळ्यात जास्त कुणात होती? जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी मोठी झालेल्या मुलांत. सहा गावांतली ती बाळं अठरा वर्षांची झाली, तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर प्रमाणापेक्षा वर होती. आणि जवळपास निम्मी मंडळी वजनाने कमी होती!

हे वाचताना अमरावती जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. उत्तरेला मेळघाट, जिथल्या कमी वजनाच्या बाळांची काळजी चिखलदरा आणि धारणी हे तालुके कैक वर्षं वाहत आहेत. खाली सपाटीवर अमरावती, परतवाडा, मोर्शी, आणि तिथल्या शाळांची दप्तरं आणि डबे. कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन टोकं आपण वेगवेगळ्या फायलींत ठेवतो, पण एकाच लेकराच्या आयुष्यात ती एकामागोमाग येऊ शकतात. जन्मताना कमी वजनाचं बाळ नीट पोसलंच पाहिजे, यात दुमत नाही. ते पोसायचं वरण-भात, अंडी, भाकर, शेंगदाणे, भाजीवर. बिस्किटं आणि पुड्यांनी अंग भरतं, स्नायू भरत नाहीत.

सुतळीची तपासणी

घरी करून पाहा. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, मधोमध दुमडा, आणि ती दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. जुळत नसतील तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे चरबी आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठते आहे. त्वचेखालच्या चरबीपेक्षा हीच जास्त त्रासदायक. मोठ्या माणसांनाही हीच चाचणी लागू, तेव्हा आधी बाबांनी करावी.

डॉक्टरांकडे मात्र तक्ता लागतो. मोठ्या माणसांचा बीएमआयचा आकडा मुलांना जसाच्या तसा लावत नाहीत, कारण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलत जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे तक्ते काढले, आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्या तक्त्यावरच्या वरच्या दोन रेघा प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवलेल्या आहेत, कारण भारतीय देहाला धोका कमी वजनावरच गाठतो. तीव्र लठ्ठपणा म्हणजे लठ्ठपणाची रेघ ओलांडून बरंच पुढे गेलेलं वजन. त्या मुलांची तपासणी दर वर्षी, न चुकता.

पट्टा लहान, आकडा मोठा

रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा लहान पडला की रक्तदाब उगाच जास्त दाखवतो. भरदार दंडाच्या मुलाला मोठा पट्टाच हवा, वेळ पडल्यास मोठ्या माणसाचा. एकदा आकडा वर आला म्हणून घाबरायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजायचं. तेरा वर्षांपुढे १३०/८० किंवा त्यावर आकडा राहिला तर तो वाढलेलाच धरतात. त्याहून लहान मुलांसाठी वय, उंची आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळा तक्ता.

हृदयाचं खातं कधी उघडतं?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं छोटं गाव आहे. डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकात तिथल्या शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो कैक दशकं चालवला. अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या तरुण मुलांच्या शवविच्छेदनांत दिसलं, की रोहिणीच्या आतल्या भिंतीवर चरबीच्या पिवळसर रेघा लहानपणीच उमटू लागतात. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतल्या जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितक्या रेघा जास्त. हार्ट अटॅक पन्नाशीत येतो, पण त्याची पहिली नोंद शाळेच्या हजेरीपटाच्या काळातली असते.

यकृताचंही तसंच. लठ्ठ मुलांच्या पोटाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द सर्रास दिसतात. दारूचा थेंब न शिवलेलं बारा वर्षांचं पोर, आणि यकृतात चरबी! दुखत नाही, खुपत नाही, म्हणून रक्ताची एक साधी तपासणी मुद्दाम सांगावी लागते.

"उंची भरली का आपोआप झरते"

वऱ्हाडातल्या कुठल्याही अंगणात हे वाक्य ऐकू येतं. खात्यापित्या घरचं पोट्टं आहे, मोठं झालं का होते बारीक. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे वेगळं सांगतात. लठ्ठ लहान मुलांपैकी निम्म्याहून जास्त किशोरवयातही लठ्ठ राहतात, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही.

पण आता खरी आनंदाची गोष्ट. डेन्मार्कमध्ये ६२,५६५ पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या : वय ७, वय १३ आणि नंतर ऐन तारुण्यात वजन किती होतं. सातव्या वर्षी जाड असलेली, पण तेराव्या वर्षापर्यंत नेमक्या वजनावर आलेली आणि पुढे तिथेच टिकलेली मुलं मोठेपणी मधुमेहाच्या बाबतीत, कधीच जाड नसलेल्यांच्या बरोबरीची निघाली. जणू काही झालंच नव्हतं. तेराव्या वर्षानंतर वजन उतरवणाऱ्यांनाही फायदा झाला, फक्त थोडा कमी. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हापासून मला दहा ते तेरा ही वर्षं सोन्याच्या मोलाची वाटतात.

शिवाय वाढत्या मुलाच्या हातात मोठ्यांकडे नसलेला एक हुकूम असतो : उंची. पुष्कळदा वजन कमी करावंच लागत नाही. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी बीएमआय खाली येतो. वजन फारच जास्त असेल तर ते उतरवायचं, पण सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपाशी ठेवून तर कधीच नाही, कारण ही हाडं आणि स्नायू बांधायची वर्षं आहेत.

८६ किलोंची आठ वर्षांची मुलगी

१९९७ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या शास्त्रज्ञांनी दोन भावंडांची कहाणी मांडली, मूळ पाकिस्तानी कुटुंबातल्या, सख्ख्या नव्हे तर नात्यातल्या. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. त्यांची भूक कधीच भागत नव्हती. त्यांच्या देहात लेप्टिनच तयार होत नव्हतं, म्हणून मेंदूला पोट भरल्याची खबरच पोचत नव्हती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलीची भूक शांत झाली, वजन उतरू लागलं. अशी जनुकीय कारणं दुर्मीळ असतात. पण पाच वर्षांच्या आतच वजन झपाट्याने वाढलेलं असेल आणि भूक आवरतच नसेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा. त्या लेकराला हावरट म्हणणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

चिडवण्याबद्दलही अभ्यास आहेत. ढोल्या, भोपळ्या, जाडी अशा नावांनी हाक मारलेली मुलं बारीक होत नाहीत. ती लपून खातात, मैदान टाळतात, आणि त्यांचं वजन वाढतं. लग्नकार्यात भरल्या मांडवात पोराच्या पोटावर टपली मारणाऱ्या काका-मामांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी मोठं काम होईल.

संत्रं खा, पिऊ नका

मोर्शी आणि वरूड म्हणजे संत्र्यांचं माहेर. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या पट्ट्याची संत्री येतात. गंमत अशी, की जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या संत्र्यातली साखर टाळायच्या साखरेत मोजत नाही. त्याच संत्र्याचा रस काढला की ती साखर मात्र मोजते! कारण चोथा गेला, चावणं गेलं, आणि एका ग्लासात तीन-चार संत्री घटाघट उतरली. फोडी सोलून तीन-चार संत्री खायला बसा, दुसऱ्यालाच हात थांबतो.

कोलासारख्या पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. दिवसभरात शक्यतो याहून जास्त नको, असं हीच संघटना सांगते. एका बाटलीत दिवस संपला. चहा, बिस्किट, अमरावतीच्या गिलावड्यावरची गोड चटणी अजून बाकीच आहे. (गिलावडा सणासुदीला खावाच, अमरावतीकराला तो सोडा म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही.)

बर्लिनला गेलेली कबड्डी

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी उभं केलेल्या या मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे गेला आणि त्याने जगापुढे आपले देशी खेळ दाखवले, कबड्डीही त्यात होती. ज्या शहराने कबड्डी बर्लिनला नेली, त्याच्या आसपासच्या शाळांत खेळाचा तास गणिताला देऊन टाकला जातो, हे मनाला लागतं.

कारण खेळणाऱ्या स्नायूची एक करामत आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढतो. खेळ संपल्यावरही पुढचे काही तास, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत, इन्सुलिनचं काम सोपं राहतं. वजन एक किलोही उतरलं नसलं तरी! म्हणून काट्याकडे बघून निराश होऊ नये. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम आणणारी हालचाल लागते. कबड्डी, लेझीम, सायकलवरून शाळा, खो-खो, काहीही चालेल. फार वजनाच्या मुलाला धावायला लावून गुडघे दुखवू नका. त्याला पोहायला, चालायला, सायकल चालवायला द्या. कबड्डीत पकड करायला तर वजनदार गडी हवाच असतो.

झोपही मोजा. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास. झोप तुटली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं घटतं. रात्री अकराला मोबाईल आणि पुडी एकत्र हातात येतात, ते यामुळेच.

पन्नास मीटर

शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. महाराष्ट्राने शाळांच्या कँटीनमधून असे पदार्थ हटवायचा आदेश त्याआधीच, २०१७ मध्ये काढला होता. पालकसभेत टेप घेऊन जा आणि फाटकापासून टपरीपर्यंतचं अंतर मुख्याध्यापकांसोबत मोजा. टपरीवाल्याशी भांडू नका, त्याचंही पोट आहे. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली बोरं, संत्र्याच्या फोडी विकायला त्याला कुणीच मना केलेलं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं आरोग्यपथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. लाजेपायी त्या दिवशी वजनदार मुलं शाळा बुडवतात. तुमचं लेकरू बुडवू देऊ नका. पथकाला त्याची मान दाखवा, वजन-उंची तक्त्यावर मांडून मागा, रक्तदाब मोठ्या पट्ट्याने घ्यायला सांगा. काही वर निघालं तर उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घ्या. मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी ती अनियमित असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि हे सगळं तेरावा वाढदिवस येण्याआधी करा.